गादीत जिवाणू सापडला, पण कंबर त्यानंच दुखते का?

प्रश्न : तीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून काम केलं. दोन वर्षांपासून कंबर धरते, डाव्या पायाला मुंग्या येतात. एमआरआय काढला, त्यात एल-४ आणि एल-५ च्या मधली गादी झिजली आहे आणि ‘मोडिक टाइप १ चेंजेस’ आहेत असं लिहून आलं. आमचे डॉक्टर म्हणतात, मणक्यात गॅप आली आहे, व्यायाम करा, वजन उचलू नका. पण भाच्यानं मोबाइलवर पाठवलंय की हा जिवाणूंचा संसर्ग असतो आणि शंभर दिवस अँटिबायोटिक घेतलं की कंबरदुखी जाते. त्या गोळ्या इथल्या दुकानात सहज मिळतात. घेऊन बघू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भाच्यानं पाठवलेली माहिती खोटी नाही, पण अर्धीच आहे, उरलेली अर्धी सहा वर्षांनी आली आणि ती मोबाइलवर तेवढी फिरली नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : दुकानातून गोळ्या आणून घेऊ नका. का घेऊ नका, हे सांगायला थोडी जागा लागेल. ही कल्पना हुशार माणसांनी मेहनतीनं मांडलेली आहे, आणि अफवा म्हणून ती झटकून टाकणं तिच्यावरही अन्याय आहे आणि तुमच्यावरही.

सुरुवात गादीपासून करू. आपल्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. मधला भाग मऊ, पाणी धरून ठेवणारा. भोवती चिवट तंतूंची एकावर एक कडी. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा दुसरा भाग नाही. भिंतीला ओल चढावी तसं वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पातळ पडद्यातून पोषण गादीत झिरपतं, आणि टाकाऊ द्रव्यं त्याच वाटेनं परत जातात. त्यामुळे आत प्राणवायू अगदी कमी, आम्लता जास्त, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना सहज पोहोचता येणार नाही अशी जागा. गादी एकदा फाटली की ती भरून यायला वेळ लागतो तो याच कारणानं. एखाद्या जिवाणूला प्राणवायू नकोसा असेल आणि लपायला जागा हवी असेल, तर त्याच्यासाठी मात्र हीच जागा सोयीची.

असा जिवाणू आपल्या प्रत्येकाच्या अंगावर आहे. त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत. तो त्वचेच्या तेलग्रंथींत राहतो आणि तारुण्यपीटिकांशी त्याचा संबंध जोडला जातो. तो वाढतो अतिशय सावकाश. नेहमीच्या कल्चर तपासणीत दोनतीन दिवस वाट पाहून ‘काही उगवलं नाही’ असं लिहितात. याला आठवडा, कधी दोन आठवडे द्यावे लागतात, तेही प्राणवायूविना.

२००१ मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी तेवढी वाट पाहिली. सायटिकासाठी गादीची शस्त्रक्रिया झालेल्या ३६ जणांच्या गादीचे तुकडे त्यांनी दीर्घकाळ वाढवले. १९ जणांच्या तुकड्यांत जिवाणू उगवले, आणि त्यातल्या बहुतेकांत हाच त्वचेवरचा जिवाणू होता. दुसऱ्या कारणांसाठी पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या १४ जणांच्या गादीत काहीच उगवलं नाही. ‘लॅन्सेट’मध्ये ही छोटीशी नोंद आली आणि सायटिकाच्या काही रुग्णांच्या गादीत सौम्य, दडून बसलेला संसर्ग असावा, ही शंका गंभीरपणे मांडली गेली.

तुमच्या रिपोर्टातला ‘मोडिक’ या कथेत इथे येतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे मायकेल मोडिक यांनी १९८८ मध्ये एमआरआयवर दिसणाऱ्या, गादीला लागून असलेल्या मणक्याच्या हाडातल्या बदलांचे प्रकार पाडले. टाइप १ म्हणजे हाडात सूज, टाइप २ म्हणजे तिथे चरबी जमणं, टाइप ३ म्हणजे हाड टणक होणं. यातला टाइप १ दुखण्याशी अधिक जोडलेला आढळतो. ही सूज कशानं येते? झिजलेल्या गादीमुळे हाडावर पडणाऱ्या ताणानं, असं बहुतेकांचं उत्तर. डेन्मार्कच्या हॅने आल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं उत्तर सुचवलं. गादी फाटते, बरं करण्यासाठी शरीर तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या पाठवतं. दात घासतानाही हिरड्यांतून थोडे जिवाणू रक्तात शिरत असतात. एरवी ते लगेच मारले जातात, पण नव्या वाटेनं ते गादीत पोहोचले तर आतल्या कमी प्राणवायूच्या जागेत तग धरतात. त्यांनी सोडलेली आम्लं पडद्यातून झिरपून शेजारच्या हाडाला सुजवतात. एकेक पायरी वेगळी पाहिली तर शक्य कोटीतली आहे, म्हणूनच ही कल्पना इतक्या जणांना पटली.

आल्बर्ट यांच्या गटानं २०१३ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. पहिल्यात ६१ रुग्णांच्या काढलेल्या गादीची तपासणी होती. ज्यांच्यात प्राणवायूविना वाढणारे जिवाणू सापडले, त्यांच्यातल्या ८० टक्क्यांच्या शेजारच्या मणक्यात पुढे नवे मोडिक बदल दिसले. ज्यांच्यात काही सापडलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ४४ टक्के होतं. दुसरा निबंध म्हणजे भाच्यानं पाठवलेल्या माहितीचं मूळ. गादी सरकल्याचा इतिहास, सहा महिन्यांहून जास्त कंबरदुखी आणि मोडिक टाइप १ असलेले १६२ रुग्ण. काहींना ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलनेटच्या गोळ्या दिवसातून तीनदा शंभर दिवस, काहींना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. वर्षानंतर कंबरदुखीमुळे किती कामं अडतात हे मोजणारा आकडा औषध घेतलेल्यांत १५ वरून ५.७ वर आला. औषध न मिळालेल्यांत तो १५ वरून १४ वर, म्हणजे जवळपास तिथेच राहिला.

कंबरदुखीच्या उपचारांत एवढा मोठा फरक सहसा पाहायला मिळत नाही. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी जुनाट कंबरदुखीचे ४० टक्के रुग्ण अँटिबायोटिकनं बरे होतील असे मथळे दिले, आणि नोबेलची भाषा सुरू झाली. त्या उत्साहामागे एक खरा इतिहास होता. पोटाचा अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो असं जग मानत असताना ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचं दाखवलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एकदा असं घडल्यावर ‘कंबरेतही तेच नसेल कशावरून?’ हा प्रश्न कोणीही विचारेल. विचारायलाच हवा होता.

पण अल्सरच्या बाबतीत जे पुढे घडलं ते इथे घडलं नाही. तिथे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी प्रयोग झाले आणि निकाल पुन्हा पुन्हा तोच आला.

कंबरेच्या बाबतीत हे काम नॉर्वेनं केलं. तिथल्या सहा रुग्णालयांत १८० रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मागच्या दोन वर्षांत गादी सरकलेली, मोडिक टाइप १ किंवा टाइप २ असलेले रुग्ण. तीन महिने ॲमॉक्सिसिलिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, किंवा नकली गोळी. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा फरक म्हणजे किती कामं अडतात त्या आकड्यात किमान ४ गुण, असं संशोधकांनी चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवलं होतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण निकाल हाती आल्यावर मोजपट्टी बदलायचा मोह कोणालाही होऊ शकतो. वर्षानंतर दोन गटांतला फरक निघाला १.६ गुण. फक्त टाइप १ च्या रुग्णांत तो २.३ होता. दिशा अँटिबायोटिकच्या बाजूची, पण कामावर जाणाऱ्या माणसाला फरक पडला असं म्हणता येईल एवढा नव्हे. उलट जुलाब वगैरे त्रास औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना.

मग डेन्मार्कचा निकाल इतका वेगळा का? नॉर्वेत क्लॅव्ह्युलनेट नव्हतं, टाइप २ चे रुग्णही घेतले होते, म्हणून तुलना सरळ नाही, असं डॅनिश बाजूचे लोक म्हणतात. यात थोडं तथ्य आहे. पण मला डॅनिश निबंधातला नकली गोळीचा गटच जास्त खटकतो. जुनाट कंबरदुखी चढउतार होणारी असते. चाचणीत येणारी माणसं सहसा त्रास वाढलेला असताना येतात आणि काहीही दिलं तरी वर्षभरात थोडी सुधारतात. नॉर्वेत दोन्ही गट सुधारले, तसंच इतर चाचण्यांतही दिसतं. डेन्मार्कमध्ये मात्र तो गट जवळपास जागचा हलला नाही, आणि त्यामुळे अँटिबायोटिकचा फायदा अधिकच उठून दिसला. शिवाय या उपचाराचं प्रशिक्षण डॉक्टरांना देणाऱ्या व्यवसायाशी काही संशोधकांचे हितसंबंध होते, हेही पुढे चर्चेत आलं. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं मला कारण नाही. पण त्यामुळेच दुसऱ्यांनी केलेल्या चाचणीचं वजन वाढतं.

जिवाणू खरंच गादीत होता की शस्त्रक्रियेच्या वेळी त्वचेवरून तिथे पोहोचला, या प्रश्नावर सगळं प्रकरण अडून आहे. सर्जन गादीपर्यंत जातो तो कातडी, चरबी आणि स्नायू यांतून. कातडीवर कितीही जंतुनाशक चोळलं तरी तेलग्रंथींच्या खोल भागातला हा जिवाणू पूर्ण मरत नाही. कातडी कापली की तो वर येतो, सुरीला, चिमट्याला, हातमोज्याला लागतो. सांध्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक आहे. खांद्याच्या कृत्रिम सांध्यात हाच जिवाणू त्रास देतो. फ्रान्समधल्या एका गटानं गादीच्या नमुन्यासोबत आजूबाजूच्या स्नायूंचे नमुनेही तपासले, आणि त्यांचा निष्कर्ष बाहेरून लागणीकडे झुकला. स्वीडनच्या संशोधकांनी गादी सरकलेले प्रौढ आणि पाठीला बाक असलेली तरुण मुलं यांची तुलना केली. त्या मुलांच्या गाद्या झिजलेल्या नव्हत्या, तरीही जिवाणू दोन्हीकडे सारखेच सापडले. गादी झिजण्याचं कारण जिवाणू असेल तर न झिजलेल्या गादीत तो तितकाच कसा?

दुसऱ्या बाजूनंही पुरावा आहे, आणि तो मी लपवणार नाही. झेक प्रजासत्ताकातल्या अभ्यासात काढलेल्या गादीच्या आत जिवाणूंचे चिकट थर सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. असा थर तयार व्हायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेच्या तासाभरात लागलेल्या जिवाणूला ते जमणं अवघड. उंदराच्या आणि सशाच्या गादीत हा जिवाणू टोचला तर झीज आणि मोडिकसारखे बदल होतात, हेही दाखवलं गेलं आहे. आणि आपल्याच देशातलं एक मोलाचं काम : कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी जिवाणू वाढवायचा प्रयत्न सोडून गादीतली प्रथिनंच तपासली. रोगी गाद्यांत त्यांना जिवाणूंची प्रथिनं सापडली, आणि शरीरानं संसर्गाशी लढताना तयार केलेली प्रथिनंही. त्वचेवरून आत्ताच लागलेल्या जिवाणूविरुद्ध शरीराला इतक्या लवकर लढाई उभारता येत नाही, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. त्या कामाला २०१७ मध्ये कंबरेच्या कण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं पारितोषिक मिळालं. पुढे २०२० मध्ये त्याच गटानं जनुकीय तपासणी केली तेव्हा निरोगी गाद्यांतही नाना प्रकारच्या जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. रोगी गादीत त्यांचं मिश्रण बदललेलं होतं. म्हणजे ‘जिवाणू आहे की नाही’ हा प्रश्नच कदाचित अपुरा ठरेल, आणि एका अँटिबायोटिकनं त्याला उत्तर मिळण्याची शक्यता त्यानं कमीच होते.

माझं मत स्पष्ट सांगतो. काही थोड्या रुग्णांच्या गादीत खरोखर सौम्य संसर्ग असावा. ते रुग्ण नेमके कोण, हे शस्त्रक्रियेशिवाय ओळखायची खात्रीची चाचणी आज नाही, आणि मोडिक टाइप १ ही ती चाचणी नव्हे. ती ओळख पटेपर्यंत हजारो जणांना तीन-तीन महिने गोळ्या देणं म्हणजे फायदा मूठभरांना आणि तोटा सर्वांना.

हा तोटा आपल्याकडे जास्त आहे. डॅनिश चाचणीतला कमी डोस म्हणजेसुद्धा शंभर दिवसांत ३०० गोळ्या. जास्त डोस असेल तर ६००. एवढ्या काळात आतड्यातले जिवाणू औषधाला सरावतात, आणि पुढे मूत्रमार्गाचा किंवा पोटातला साधा संसर्ग झाला की नेहमीची गोळी लागू पडत नाही. ते न मरणारे जिवाणू घरातल्या इतरांकडेही जातात. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय न घेण्याची खूण म्हणून. दुकानदार रेघेकडे पाहत नसेल तर तुम्ही पाहा.

राहिला तुमच्या गादीचा प्रश्न. यंत्रमागानं ती झिजवली, असं तुम्हाला वाटत असणार. उभं राहणं, वाकणं, ताणे-बीम उचलणं यांचा वाटा आहेच, पण समजतो त्यापेक्षा कमी. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात कंबरेच्या गाद्यांच्या झिजेतला ७४ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला निघाला. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्यांपैकी एक भाऊ जड काम करणारा आणि दुसरा बैठं काम करणारा असतानाही दोघांच्या गाद्यांत मोठं साम्य दिसलं. आणि झीज म्हणजे दुखणंच असंही नाही : कंबर कधी न दुखलेल्या माणसांचे एमआरआय एकत्र पाहिले तर विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत गाद्या झिजलेल्या आढळतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम हा कमी प्रतीचा उपचार समजू नका. जुनाट कंबरदुखीत त्याच्याइतका भरवशाचा आणि निरुपद्रवी उपाय फारसा नाही. पायाला मुंग्या येतात तेवढं त्यांच्या कानावर पुन्हा घाला; पायातली ताकद कमी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडू लागली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.


प्रश्न : आमच्या शेजारच्या मुलीला मणक्याचा टीबी निघाला. तुम्ही म्हणता तो गादीचा संसर्ग आणि हा एकच का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, आणि या दोहोंची गल्लत होणं धोक्याचं आहे. वर ज्याची चर्चा केली तो संसर्ग अजून वादात आहे. मणक्याचा क्षय हा शंभर टक्के सिद्ध झालेला, हाड खाऊन टाकणारा आजार आहे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकानं १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. आपल्या देशात तो आजही नेहमी दिसतो. क्षयाखेरीज स्टॅफिलोकॉकस वगैरे जिवाणूंनी गादीत पू होतो, आणि गुराढोरांत वावरणाऱ्यांना ब्रुसेलाचा संसर्गही मणक्यात होऊ शकतो.

कंबरदुखी झोपेतही कमी होत नाही, संध्याकाळी कणकण येते, रात्री घाम सुटतो, वजन उतरतं, पाठीच्या एकाच मणक्यावर दाबलं की कळ येते, किंवा पाठीला कुबड येऊ लागतं. यातलं काही असेल तर ‘गॅप आहे’ म्हणून घरी बसू नका. एमआरआय लागतोच, आणि बहुतेकदा सुईनं नमुना काढून तो तपासावा लागतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर क्षयाचे जंतू आणि औषधाला न जुमानणारे जंतू काही तासांत कळतात. ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीनं विकसित केलेलं यंत्र आहे. सरकारी कार्यक्रमात क्षयाची औषधं मोफत मिळतात. मणक्याच्या क्षयाला ती वर्षभर किंवा त्याहूनही जास्त घ्यावी लागतात, आणि मध्येच सोडायची नसतात.

इचलकरंजीच्या वाचकांना गोळ्या घेऊ नका म्हणालो, त्यामागे हेही एक कारण होतं. खरा पू झालेला असताना आधीच अँटिबायोटिक सुरू केलं की नमुन्यात जंतू उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते ठरवता येत नाही. काही अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूंनाही थोडं दाबतात : रुग्णाला महिनाभर बरं वाटतं, आणि निदान तेवढं मागं पडतं. लिनेझोलिड हे त्यातलंच एक. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर आज ते फार उपयोगाचं आहे. ब्रिटनमधल्या एका कंपनीनं तेच लिनेझोलिड जेलच्या रूपात थेट गादीत टोचण्याची छोटी चाचणी मोडिक टाइप १ च्या रुग्णांवर केली आहे. औषध गादीतच राहतं, आतड्यापर्यंत फारसं जात नाही, म्हणून तीनशे गोळ्यांपेक्षा ही वाट मला शहाणपणाची वाटते. पण ती चाचणीतल्या रुग्णांपुरती आहे आणि मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत.


प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला चेहऱ्यावर आणि पाठीवर खूप मुरुमं आहेत. हेच जंतू पुढे त्याच्या मणक्यात जातील का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुरुमं असणाऱ्यांच्या गाद्या जास्त झिजतात असं कोणी दाखवलेलं नाही. हा जिवाणू मुरुमं नसलेल्यांच्या त्वचेवरही असतो, तुमच्या-माझ्याही. मुलाला मुरुमं फोडू देऊ नका, कारण डाग राहतात, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मुरुमांसाठी तोंडानं घ्यायचं अँटिबायोटिक त्यांनी दिलंच तर ते किती आठवडे घ्यायचं हे विचारून घ्या, आणि तेवढेच दिवस द्या.